तळेकरांचा न गळणारा हौदा

सगळा घोळ एका वाक्यामुळे झाला, आणि ते वाक्य दत्तात्रेय तळेकर माइक हातात असताना बोलले. एरवी तळेकर साधे गृहस्थ. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरचे हेडक्लार्क, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक चालणारं. पण कंपनीच्या कॉलनीतल्या गणेशोत्सव मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्ष माणसाच्या हातात माइक दिला की जीभ पुढे धावते आणि अक्कल मागून चपला शोधत येते.

आदल्या वर्षी पेणहून भाड्याच्या टेम्पोतून आणताना मूर्तीच्या सोंडेचं टोक उडालं होतं. कणीक लावून, वर रंग फासून कसंबसं निभावलं. पण दोनतीन दिवसांत कणकेला मुंग्या लागल्या आणि भर आरतीत साऱ्या कॉलनीनं बाप्पाच्या सोंडेवरून चाललेली मुंग्यांची रांग पाहिली. हा विषय यंदाच्या सभेत मंडळाचे खजिनदार गोविंदा घरत यांनी उकरून काढला. घरत कंपनीत मेंटेनन्सला होते आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांचा डोळा होता, हे कॉलनीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

"यंदा मुंग्यांसाठी वेगळा नैवेद्य काढायचा का, तेवढं ठरवून घ्या," घरत अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाले.

सभा हसली. तळेकरांचे कान लाल झाले. त्यांनी माइक ओढून घेतला, त्यात दोनदा फुंकर मारली आणि गरजले, "यंदा मूर्ती माझ्या स्वतःच्या ट्रेलरमधून येईल! पेणहून उचलल्यापासून कुंडलिकेत विसर्जन होईपर्यंत मूर्तीवर एक ओरखडा जरी उठला, तरी त्या क्षणी अध्यक्षपद सोडीन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या राजीनाम्याला होत्या. तळेकरांनी त्या ट्रेलरला समजून घेतल्या आणि वाकून नमस्कार केला.

आता हा ट्रेलर म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. कंपनीनं भंगारात काढलेला दोन चाकांचा गाडा. खाली लोखंडी सांगाडा, वर लाकडाचा हौदा आणि मागे उघडायचा फाळका. ओढायला पुढे ट्रॅक्टर किंवा जीप हवी. तळेकरांकडे सायकल होती. तरीही त्यांनी तो घेतला, कारण स्वस्तात मिळत होता. मध्यमवर्गीय माणसाला स्वस्तात काही मिळतंय म्हटलं की तो हत्तीचा लगामसुद्धा घेऊन ठेवील, आणि हत्तीला लगाम नसतो हे घरी आल्यावर बायकोकडून ऐकेल. घेतल्यापासून तो ट्रेलर शेवग्याखाली भिजत उभा होता. तळाच्या फळ्यांना भेगा पडल्या होत्या, आणि पावसात त्या भेगांतून अळंबी उगवायची. एकदा तर शांतीवहिनींनी, म्हणजे तळेकरांच्या पत्नीनं, ती खुडून भाजी करता येईल का याचाही विचार केला होता.

"एवढं कसलं टेन्शन घेता?" सभेच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "खाली ताडपत्री घाला, वर पेंढा पसरा, त्यावर मूर्ती ठेवा. झालं."

तळेकर असे हसले, की जणू बायकोनं तापावर गंडा बांधायला सांगितला होता. "अगं, लाकूड जपणं हे शास्त्र आहे. आधी ते घासायचं, मग मुरवायचं, मग सांधे बुजवायचे, मग वरून कोट द्यायचा. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये!"

"गणपतीला काय पाण्याची भीती? शेवटी जाणार कुठे आहे तो?"

हे वाक्य तळेकरांनी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर पुढची कथा घडली नसती, आणि कॉलनीला पुढची कित्येक वर्षं हसायला काही मिळालं नसतं.

कामाला सुरुवात करायची तर ट्रेलर शेवग्याखालून काढून कॉलनीच्या शेडखाली आणायला हवा होता. त्यासाठी इस्टेट ऑफिसची परवानगी. तिथे एक कारकून बसायचा, ज्याचा जन्मच मुळी नाही म्हणण्यासाठी झाला होता.

"वाहन असेल तर इंजिन नंबर लिहा," तो म्हणाला.

"ट्रेलरला इंजिन नसतं हो."

"मग ते वाहन नाही. शेड वाहनांसाठी आहे."

"बरं, मग सामान समजा."

"सामानाला चाकं नसतात." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "तळेकर, तुम्ही स्वतः स्टोअरला आहात. तुमच्याकडे अशी वस्तू आली, तर तुम्ही काय कराल?"

तळेकर उठून बाहेर पडले. कारण त्यांनीही हेच केलं असतं; उलट वर आणखी एक तांबडी रेघ मारली असती. शेवटी शेवग्याखालीच बांबू रोवून वर प्लास्टिक ताणलं आणि शास्त्राला प्रारंभ झाला.

पहिला मान निसीमकाकांचा. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या मागच्या आळीत राहणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा होता. भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले. काका मात्र तिथे जिताडा मासा मिळत नाही, या एका मुद्द्यावर रोह्यात राहिले होते. वयानं वडील असल्यामुळे ते तळेकरांना चारचौघांत 'दत्तू' म्हणत, आणि प्रत्येक वेळी अध्यक्षमहाशयांच्या काळजाला घरं पडत.

"दत्तू, लाकडाला तेल पाज," काका म्हणाले. "अळशीचं. गरम करून. एक हात दे आणि वाळू दे. वाळला की दुसरा. वाळला की तिसरा. घाई करशील तर चिकटा होईल बघ."

"किती दिवस लागतील?"

"लाकडाला विचार. मला काय विचारतोस? आणि शनिवारी आमचा शब्बाथ, सुट्टीचा दिवस; मला हाका मारत येऊ नकोस, मी दार उघडणार नाही."

सल्ला चांगला होता. पण तो उन्हाळ्याचा सल्ला होता आणि बाहेर श्रावण धो धो कोसळत होता. घरातले पापड वाळेनात, तिथे अळशीचं तेल काय वाळणार? तळेकरांनी पहिला हात दिला आणि रोज सकाळी बोट लावून पाहू लागले. बोट रोज चिकटायचं. ते बोट ते धोतराला पुसायचे, आणि ते धोतर शांतीवहिनी काय काय बोलत धुवायच्या, ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

अशा अवस्थेत कंपाउंडपलीकडून घरतांची मान वर आली. "तळेकरसाहेब, तेल वाळत नाही ना? त्यावर मशीनचं जळकं ऑइल मारा. आमच्याकडे ड्रमच्या ड्रम पडलंय. वाळवी जवळ फिरकायची नाही."

विरोधकाचा सल्ला घेऊ नये एवढं तळेकरांना कळत होतं. पण घरत ऑइल फुकट देत होते. फुकट म्हटल्यावर तळेकरांचं राजकारण संपायचं आणि डबा घेऊन रांगेत उभं राहणं सुरू व्हायचं. त्यांनी कच्च्या अळशीच्या तेलावर जळकं ऑइल मारलं. हौदा काळाकुट्ट झाला आणि तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा वास सुटला. बोट आता नुसतं चिकटेना, काळं होऊन चिकटू लागलं. वाळवी खरंच आली नाही. माणसंही येईनाशी झाली.

मग आला गुणाजी. रोह्याजवळच्या गावात भात आणि वाल पिकवणारा हा शेतकरी. ट्रॅक्टर त्याचा, त्यामुळे ट्रेलर ओढायचा तोच होता. त्यानं हौद्याभोवती एक चक्कर मारली, आत थुंकायला गेला आणि तळेकरांचा चेहरा पाहून बाहेर थुंकला.

"ह्ये काय लावलाय भाऊ? ह्याला डांबर लावा डांबर. माजी सासुरवाडी खाडीकडची हाय. होडीला डांबराबिगर काय लावत नाय ते. भेगांमदी काथ्या ठोकायचा नि वरून गरम डांबर. पानी आत येल तर नाव बदला माजं."

"पण आधी तेल आहे, त्यावर ऑइल आहे..."

"र्‍हाऊदे की! खालचा खाली, वरचा वर."

या सिद्धान्तावर जगातल्या कित्येक इमारती पडल्या असतील. पण तळेकरांना तो पटला, कारण गणपती तोंडावर आला होता. गुणाजीच्या सासरहून उरलेलं डांबर आलं. शांतीवहिनींच्या पाणी तापवायच्या जुन्या पातेल्यात ते उकळलं गेलं; ते पातेलं पुढे परत घरात आलं नाही आणि वहिनींची जीभ त्यानंतर घरात थांबली नाही. तळेकरांनी भेगेभेगेत काथ्या ठोकला, एकेका बोल्टाच्या डोक्यावर डांबर ओतलं. फाळक्याच्या फटीतून उजेड दिसत होता म्हणून फाळकाही चहूबाजूंनी बुजवला. फाळका उघडण्यासाठी असतो, ही क्षुल्लक बाब त्यांच्या ध्यानात आली तेव्हा डांबर घट्ट बसलं होतं. "वरून उचलून ठेवू मूर्ती," ते म्हणाले. "उघडणारा फाळका हाच मुळात दोष आहे."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण नुसता काळा हौदा म्हणजे मयताच्या सामानाची गाडी वाटत होती, आणि अध्यक्षांना सौंदर्यदृष्टी होती. त्यांनी आपल्या अकलेनं अखेरचा कोट बनवला: राळ, व्हार्निश आणि रंगाचा दुकानदार नको नको म्हणत असताना घेतलेलं आणखी काहीतरी. हे सगळं डांबरावर ओतलं. आश्चर्य म्हणजे ते वाळलं! निदान सकाळच्या गारव्यात बोटाला लागलं नाही. हौदा असा चमकू लागला की तळेकरांना त्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग हौद्यात घागरभर पाणी ओतलं आणि कॉलनीला बोलावून दाखवलं. थेंब गळला नाही. निसीमकाकांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "दत्तू, हे लाकूड आहे की मिठाई?"

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून तळेकर, घरत आणि चारदोन कार्यकर्ते पेणला गेले. पेणमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. जिकडे तिकडे टेम्पो, ट्रक, छोट्या मूर्ती डोक्यावर घेतलेली माणसं. कॉलनीची मूर्ती हौसाबाईंच्या कारखान्यात होती. हौसाबाई म्हणजे काय बाई! नवऱ्यामागे कारखाना चालवायच्या, हात रंगानं माखलेले, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी आधी त्याला झापायच्या, मग चहा द्यायच्या.

मूर्ती सुरेख होती. कमरेइतकी उंच, शाडूची, खाली लाकडाचा पाट. हौसाबाईंनी हौद्यात डोकावून पाहिलं आणि हाक मारली, "पेंढा आना रे!"

पेणहून मूर्ती निघते ती भाताच्या पेंढ्यावर बसून. ही तिथली कायमची रीत. ट्रक असो, टेम्पो असो, खाली जाड पेंढा पसरायचा म्हणजे हादरे लागत नाहीत. पेणच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण तळेकर आडवे आले.

"पेंढा नको," ते म्हणाले.

"नको? मंग मूर्ती कशावर बसल?"

"तळावर. तळ पाहिलात का तुम्ही? आरशासारखा आहे. त्याच्यावर म्हशीचा चारा पसरू?"

हौसाबाईंनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "काय ओ दादा, तुमाला गनपती न्यायचाय का आरसा दाखवायचाय? माज्या मूर्तीला काय झाला तर मी रोह्याला येऊन तुमच्या दारात बसेन, सांगून ठेवते."

"बाई, पाण्याचा थेंब आत जात नाही यात!"

"पान्याचा कोन इचारताय?" हौसाबाईंनी कपाळाला हात लावला आणि कपाळ निळं झालं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्या तिकडे ओरडायला गेल्या. घरत गालातल्या गालात हसत उभे होते. शहाणा माणूस, म्हणून एक शब्द बोलले नाहीत. मोरयाच्या गजरात मूर्ती बाजूच्या फळ्यांवरून आत उतरवली, तोंडावर रुमाल बांधला, वर प्लास्टिक टाकलं, आणि मिरवणूक निघाली.

बरोबर त्या दिवशी पावसानं उघडीप दिली. वडखळ ओलांडेपर्यंत असं कडकडीत ऊन पडलं की भर भाद्रपदात वैशाख वाटावा. हौदा तापला. काळी वस्तू उन्हात तापते, हे तळेकर शाळेत शिकले होते आणि त्यात त्यांना चांगले मार्कही होते. नागोठण्याला चहासाठी थांबले तेव्हा त्यांनी मूर्तीला हलवून पाहिलं. मूर्ती तसूभर हलली नाही.

"बघा घरत!" ते छाती फुगवून म्हणाले. "कशी घट्ट बसली आहे! पेंढ्यावर डुगडुगली असती."

भिसे खिंडीत आभाळ फुटलं. पाऊस असा आला की गुणाजीला ट्रॅक्टरचं तोंड दिसेना. थोड्या वेळानं त्यानं मागे पाहिलं आणि ब्रेक मारला. हौदा पाण्यानं भरायला लागला होता. एवढं शास्त्र लावलेला हौदा, पाणी जाणार कुठे? आतलं पाणी पाटाच्या कडेला लागलं होतं आणि शाडूची मूर्ती तर वाटेतच विरघळायच्या बेतात होती.

"भाऊ, तलाला एक भोक पाडू का?" गुणाजीनं पहार उचलली.

"खबरदार!" तळेकर हौद्यावर आडवे पडले. "आधी माझ्या छातीला भोक पाड!"

घरतांनी दोघांकडे पाहिलं. त्यांना बहुधा दुसरा पर्याय अधिक आवडला होता. शेवटी चहाच्या किटलीनं, डब्यांच्या झाकणांनी आणि तळेकरांच्या स्वतःच्या टोपीनं पाणी उपसत रोहा गाठला. गार पाऊस पिऊन हौदा थंडगार झाला होता.

कॉलनीत सुवासिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. वाजंत्री वाजू लागली. चार कार्यकर्त्यांनी हौद्यात उतरून पाटाला हात घातला. "मोरया!" पाट हलला नाही. पुन्हा "मोरया!" पाट हलला नाही, ट्रेलर मात्र स्प्रिंगांवर उचलला गेला आणि खाली बसला. उन्हात पातळ झालेल्या डांबरात पाट हळूहळू रुतला होता, आणि पावसानं ते डांबर दगड झालं होतं. गणपती आणि हौदा यांत आता फरक उरला नव्हता.

मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं खालून स्टोव्ह लावा. स्टोव्ह लावला तर शाडूला तडे जातील. कुणी म्हणालं रॉकेल ओता. ओतलं, तर नुसता रॉकेलचा वास सुटला आणि भटजींनी नाक दाबलं. कुणी म्हणालं पहारीनं उचका. पहार पाटाखाली घातली तोच पाट कुरकुरला आणि तळेकर किंचाळले, "ओरखडा! ओरखडा उठेल!" साऱ्या कॉलनीला त्या क्षणी कळलं की अध्यक्षांना गणपतीची काळजी नाही, खुर्चीची आहे. तसं ते आधीपासूनच कळलं होतं, आता पुरावा मिळाला.

"मग हौदाच सांगाड्यावरून सोडवून हॉलमध्ये नेऊ," कार्यकर्ते म्हणाले. हौदा हॉलच्या दारातून जाणार नव्हता. मोजून पाहिलं, आडवा, उभा, तिरका. निसीमकाका खुर्ची टाकून बघत बसले होते. "दत्तू," ते म्हणाले, "हॉल सोडवून ट्रेलरवर आणता येतो का बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्तावर प्राणप्रतिष्ठा झाली ती हॉलबाहेर, ट्रेलरवर. भोवती साड्या लावल्या, चाकांना झेंडूच्या माळा घातल्या. एकदा प्रतिष्ठा झाली की मूर्ती हलवायची नाही, त्यामुळे कुणी आता सोडवायचं म्हणेना. नवरात्रातली अष्टमीची जागरणं फिकी पडावीत अशी गर्दी रोज लोटू लागली. धाटावहून, कोलाडहून माणसं यायची, नमस्कार करायची आणि मग वाकून ट्रेलरच्या खाली बघायची. एका म्हातारीनं तर गणपतीसमोर सुपारी ठेवून चाकाला हळदकुंकू लावलं. कॉलनीच्या शेजारच्या मंडळानं देखाव्यावर अमाप कष्ट घेतले होते; तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं.

तळेकर दिवसभर अध्यक्षाचा बिल्ला लावून बाजूला उभे राहायचे. सुरुवातीला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण एका पाहुण्यानं हौद्यावरून हात फिरवून, "काय फिनिश आहे हो! कुणी केलं?" असं विचारलं, आणि झालं. लाज कुठल्या कुठे गेली. नंतर ते येणाऱ्याजाणाऱ्याला हौद्याच्या कोपऱ्यात पाणी ओतून दाखवायला लागले. आणि मूर्तीवर ओरखडा नव्हता! एकही नव्हता. घरत रोज सकाळी भिंग घेऊन मूर्तीभोवती फिरायचे आणि हिरमुसले होऊन शिफ्टला जायचे.

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा सुरू झाली. उत्तरपूजेत अक्षता टाकून मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. त्याशिवाय देव निरोप घेत नाही. भटजी अक्षता टाकून थांबले. सगळे पाटाकडे बघत थांबले. पाट जागच्या जागी.

"हलवल्याशिवाय विसर्जन करता येणार नाही," भटजी म्हणाले.

बराच वेळ खल झाला. अखेर भटजींनी डोळे मिटून एक निर्णय दिला, जो कोणत्याही पोथीत नसावा. गुणाजीनं चाकांखालचे दगड काढले, सगळ्यांनी मिळून ट्रेलरच चार बोटं पुढे ढकलला, आणि देव हलला असं मानण्यात आलं. भटजी घाईघाईनं दक्षिणा घेऊन गेले. नदीवर ते आलेच नाहीत.

कुंडलिकेच्या काठावर पुढचं संकट उभं होतं. मूर्ती पाटाला, पाट हौद्याला आणि हौदा सांगाड्याला. गुणाजी सांगाडा नदीत घालू देईना. त्यानं तो तळेकरांकडून वालाच्या बदल्यात आधीच मागून ठेवला होता. मग घरत पुढे सरसावले. त्यांनी मेंटेनन्सची आरी आणली होती. ट्रेलरखाली उताणे पडून त्यांनी खालून बोल्ट कापले, आणि ते काम त्यांनी इतक्या आनंदानं केलं की आतून शीळ ऐकू येत होती. मग साऱ्या कॉलनीनं हौदा खांद्यावर घेतला आणि बाप्पाला हौद्यासकट पाण्यात उतरवलं.

"मोरया!"

हौदा खाली गेला नाही.

तो तरंगला. नुसता तरंगला नाही, डौलात तरंगला. ओहोटी नुकती लागली होती, ऊन तिरकं झालं होतं, आणि त्या चमचमत्या काळ्या नावेत बाप्पा कोरडे ठाक बसून दोन्ही काठांकडे पाहत होते. आता विसर्जन म्हणजे मूर्ती पाण्याखाली जायला हवी. कार्यकर्त्यांनी वरून दाबलं. हौदा उसळून वर आला. तिरका करून पाहिला. तो पुन्हा सरळ झाला. फाळका उघडावा म्हटलं तर तो बुजलेला.

इतर कोणीही असता तर त्यानं डोक्याला हात लावला असता. पण तळेकर गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, "बघा! बघा घरत! एक थेंब आत गेला नाही! एक थेंब!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. काठावर शांतीवहिनींनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. हसत होत्या की रडत होत्या, कळायला मार्ग नव्हता.

"अहो, मग बुडवायचा कसा?" घरतांनी विचारलं.

तेव्हा कुठे अध्यक्षांच्या ध्यानात आलं. ते हात वर करून म्हणाले, "कुणी हात लावू नका. ओरखडा उठेल. मी स्वतः भरतो," आणि एक घमेलं घेऊन हौद्यात चढले. एवढे दिवस पाणी बाहेर ठेवण्यासाठी ज्या माणसानं घरादाराला वेठीस धरलं, तोच आता आत बसून घमेल्यानं बाहेरचं पाणी आत ओतू लागला. हौदा मोठा, घमेलं लहान, आणि मधल्या मधे चढण्याच्या गडबडीत पायाचा रेटा बसून हौदा काठापासून सुटला होता.

ओहोटीनं तो अलगद धरला. कार्यकर्ते दोन पावलं आत गेले. पाणी छातीला लागल्यावर परतले. हौदा खाडीच्या दिशेला निघाला.

"दोर! दोर फेका!" तळेकर ओरडले. ते उठायला गेले, आणि उठता आलं नाही. दिवसभर उन्हात तापलेल्या तळावर ते मांडी घालून बसले होते.

गुणाजी खालच्या वळणावर कुणाची होडी आहे का बघायला धावला. घरत मात्र पाण्याच्या कडेनं चालत हौद्याबरोबर पुढे निघाले.

"तळेकरसाहेब!" त्यांनी तोंडाला हाताची ओंजळ लावून हाक मारली. "आता तरी राजीनामा द्या!"

नावेतून तळेकरांनी मान वळवून मूर्तीकडे पाहिलं. सोंड, कान, बोटं, मुकुट, सगळं एकदा नीट पाहिलं. मग घमेलं हवेत नाचवून ते जीव तोडून ओरडले, "आधी ओरखडा दाखवा!"

ओरखडा नव्हताच. घरत काठावरच थांबले. आणि बाप्पा निघाले आहेत म्हटल्यावर लोकांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून सगळ्या कॉलनीनं काठावर हात जोडले आणि एका सुरात गजर केला, "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!"

दूर गेलेल्या हौद्यात, गणपतीशेजारी बसलेल्या अध्यक्षांनी तो आवाज ऐकला, आणि हात वर करून सर्वांना आशीर्वाद दिला.